मेहली मेहता : मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पंचावन्नीत अमेरिकेतल्या पोरांना घेऊन दुसरा

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गणपतीत नाहीतर जत्रेत बांधलेलं स्टेज, लुकलुकणारे लाइट, हातवारे करत बोलणारा निवेदक, किशोरकुमारच्या आवाजात गाणारा एक जण आणि लतादीदींची गाणी म्हणणारी एक जण. राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा घ्या नाहीतर ऊसपट्ट्यातलं दुसरं कुठलंही गाव, मंडळाने यंदा ऑर्केस्ट्रा आणलाय याचा अर्थ सगळीकडे हाच.

आता त्या स्टेजवरच्या कीबोर्डवाल्याकडे नीट बघा. सत्तरच्या दशकातलं एखादं गाणं सुरू झालं की तो एक बटण दाबतो आणि पन्नास व्हायोलिन एकदम वाजल्यासारखा आवाज येतो. मूळ गाण्यात तो आवाज काढायला खरोखरच माणसं बसलेली असायची. हातात व्हायोलिन, समोर नोटेशनचा कागद. मुंबईत अशी माणसं आली कुठून, त्यांना एकत्र बसून वाजवायची सवय कुठे लागली, हे शोधत मागे गेलं की एका पारशी व्हायोलिनवादकाशी येऊन थांबावं लागतं.

मेहली मेहता. आज त्यांची ओळख सांगताना बहुतेक जण झुबिन मेहतांचे वडील एवढं सांगून मोकळे होतात. जगातल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांचं संचालन केलेल्या मुलापुढे वडील झाकोळले जाणार, हे ओघानंच आलं. पण झुबिन मेहता ज्या घरात घडले, ते घर म्हणजे एका ऑर्केस्ट्राचं अर्धं ऑफिस होतं.

शिकवणारं कॉलेजच नव्हतं

मेहलींचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ चा, मुंबईतला. मुंबईतल्या सुशिक्षित पारशी घरांत तेव्हा पियानो असणं, पोरींना पियानो आणि पोरांना व्हायोलिन शिकवणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. नवल होतं ते त्यावर पोट भरायचं ठरवणं. वकील व्हा, डॉक्टर व्हा, गिरणीत नाहीतर बँकेत चिकटा आणि संध्याकाळी हवं तेवढं वाजवा, अशी सरळ वाट समोर होती. मेहलींनी मुंबई विद्यापीठातलं शिक्षणही घेतलं, पण ओढ व्हायोलिनचीच राहिली.

अडचण अशी होती की सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवायला शिकवेल असं एकही कॉलेज शहरात नव्हतं. परीक्षा तेवढी देता यायची. लंडनचं ट्रिनिटी कॉलेज भारतात परीक्षा घ्यायचं, आजही घेतं. १९२९ मध्ये मेहलींनी ट्रिनिटीची लायसेन्शिएट ही पदविका मिळवली. बाकीचं शिक्षण मुंबईत राहणाऱ्या युरोपियन वादकांकडून, ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून आणि स्वतःच्या कानावरून. रशियन साम्राज्यात जन्मलेले यशा हाइफेट्झ हे त्या काळातले व्हायोलिनचे सम्राट, आणि मेहलींचं दैवतही तेच.

ऑर्केस्ट्रा म्हणजे नेमकं काय?

इथे जरा थांबून हे समजून घेऊ, नाहीतर मेहलींनी काय केलं ते कळणार नाही.

सिम्फनी ऑर्केस्ट्रात साठ ते शंभर वादक असतात. सगळ्यात मोठा गट तंतुवाद्यांचा : व्हायोलिनचे दोन ताफे, त्याहून जरा मोठा आणि खर्जातला व्हियोला, मग चेलो आणि डबल बेस. त्यांच्यामागे फुंकून वाजवायची लाकडी वाद्यं, मग ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं आणि सगळ्यात मागे तालवाद्यं. प्रत्येकासमोर त्याच्यापुरतं लिहिलेलं संगीत. पूर्ण चित्र फक्त कंडक्टरपुढे.

आणि कंडक्टरच्या डाव्या हाताला, पहिल्या खुर्चीवर बसतो तो कॉन्सर्टमास्टर. दिंडीत विणेकऱ्याचं जे स्थान, साधारण ते याचं. सगळे व्हायोलिनवाले गज वर नेणार की खाली, हे त्याच्याकडे बघून ठरतं. नुसता चांगला वाजवणारा इथे चालत नाही, चाळीस जणांना एका श्वासात वाजवायला लावणारा लागतो.

आपल्या संगीताची घडण याच्या अगदी उलटी आहे. एक गवई, एक तबलजी, एक पेटीवाला, आणि मैफल तिथल्या तिथे रचली जाते. त्यामुळे असे साठ वादक मुंबईत जमवायचे म्हणजे नुसता पैशांचा प्रश्न नव्हता. तशी माणसं तयार व्हायला हवी होती.

१९३५ : पारशी, गोवेकर, ज्यू आणि नौदलाचा बँड

१९३५ मध्ये मेहलींनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वय सव्वीस-सत्तावीस. कंडक्टर म्हणून बेल्जियमचे जूल्स क्रेन होते आणि कॉन्सर्टमास्टरच्या खुर्चीवर स्वतः मेहली.

आता त्या ऑर्केस्ट्रात कोण कोण बसायचं बघा.

व्हायोलिन आणि चेलोच्या ओळींत गोव्याची माणसं. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चला जोडून गावोगावी शाळा होत्या आणि तिथे लहान मुलांना संगीत वाचायला शिकवलं जायचं. घरची परिस्थिती बेताची असली तरी पोराला नोटेशन यायचं, आणि पुढे पोट भरायला तो बोटीत नाहीतर गाडीत बसून मुंबई गाठायचा. धोबी तलावाच्या आसपास गोवेकरांची कुडं होती. कूड म्हणजे गावाच्या नावाने चालणारी खोली, आपल्याकडच्या चाकरमान्यांच्या गावखोल्यांसारखी. तिथे ट्रंक ठेवायची आणि काम शोधायला निघायचं. मिळेल ते काम : हॉटेलातला बँड, मूकपट होते तोवर थिएटरातली साथ, पुढे बोलपट आल्यावर स्टुडिओ.

त्यांच्या शेजारी हौशी पारशी मंडळी. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी तालीम. अधेमधे युरोपियन. फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी माणसं कमी पडली की नौदलाच्या बँडकडे हात पसरायचा. आणि हिटलरच्या उदयानंतर युरोपातून जीव वाचवून मुंबईत आलेले ज्यू संगीतकार.

म्हणजे गोव्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, फोर्टातला पारशी कारकून, ब्रिटिश बँडवाला आणि घर सुटलेला निर्वासित एकाच पानावरचं बीथोव्हेन वाजवत होते. एकमेकांच्या घरी ही माणसं जेवली असती का, हा वेगळा प्रश्न. एकत्र वाजवत मात्र होती.

यातलाच एक निर्वासित म्हणजे वॉल्टर कॉफमन. कार्ल्सबाडमध्ये जन्मलेला हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आला आणि पुढे ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग बघू लागला. त्याने मुंबईत बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. तिच्या मैफिलींत मेहली व्हायोलिन वाजवत.

तुमच्या आजी-आजोबांना विचारा, पहाटे रेडिओ लावला की सगळ्यात आधी काय ऐकू यायचं. तंबोऱ्यावर तरंगत येणारं ते व्हायोलिन, आकाशवाणीची धून. ती कॉफमनने १९३६ मध्ये बांधली असं मानलं जातं, आणि त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं आहे असं सांगतात. तसं असेल तर देवळाली प्रवरापासून देवळाली कॅम्पपर्यंत रेडिओ असलेल्या प्रत्येक घराने मेहलींना ऐकलंय. नाव मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

घर म्हणजे तालमीची जागा

१९४० मध्ये मेहलींनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं. दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो, बस्स. तालमी घरात. पत्नी तेहमिना आणि दोन मुलं, १९३६ मध्ये जन्मलेले झुबिन आणि १९३८ मधले झरीन, यांचं सगळं बालपण त्या आवाजात गेलं. शिवाय शिकायला येणारी मुलं वेगळीच.

तरीही मेहलींना स्वतःचं शिक्षण अर्धवट वाटत होतं. दुसरं महायुद्ध संपलं आणि १९४५ मध्ये ते अमेरिकेला निघाले. वय सदतिसाच्या आसपास. न्यूयॉर्कमध्ये इव्हान गलामियन हे व्हायोलिनचे मोठे गुरू होते, पुढे इत्झाक पर्लमन आणि पिंकस झुकरमन यांनाही त्यांनीच शिकवलं. त्यांच्याकडे मेहली विद्यार्थी म्हणून दाखल झाले.

वाचायला हे छान वाटतं. पण मुंबईत तेहमिनाबाई नऊ आणि सात वर्षांच्या दोन मुलांना घेऊन एकट्या होत्या आणि हे काही महिन्यांत आटोपलं नाही, त्यात वर्षं गेली. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली. कलावंताच्या तपश्चर्येची गोष्ट सांगताना घर कोणी सांभाळलं हे आपण बहुतेक वेळा एका ओळीत उरकतो. इथेही त्याहून जास्त तपशील हाती लागत नाहीत, पण ती ओळ तरी गाळू नये.

परत आले तेव्हा मुंबई बदललेली

न्यूयॉर्कहून परतल्यावर मेहली कंडक्टर म्हणून ऑर्केस्ट्रापुढे उभे राहिले. पण इंग्रज निघून गेले होते. त्यांच्याबरोबर तिकिटं काढणारा मोठा प्रेक्षक गेला, देणग्या देणारे गेले आणि बँडमधले वादकही गेले. नव्या देशाला आपलं संगीत जपायचं होतं आणि ते बरोबरच होतं. पण बीथोव्हेन वाजवणाऱ्या साठ भारतीयांना पगार कोणी द्यायचा, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

वादकांचं पोट हॉटेलांवर आणि सिनेमावर चालायचं. मेहली स्वतःही ताजमहाल हॉटेलात छोट्या मेळाबरोबर वाजवत. त्यामुळे तालमीची वेळ ठरवायची म्हणजे आधी स्टुडिओचं वेळापत्रक बघायचं. रेकॉर्डिंग लांबलं की अर्धा ऑर्केस्ट्रा गायब.

तरी त्यांनी मोठी माणसं मुंबईला ऐकवली. १९५२ मध्ये येहुदी मेन्युहिन नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले आणि दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी त्यांनी मैफिली केल्या. मुंबईत साथीला मेहलींचा ऑर्केस्ट्रा होता. त्या तालमीत मेन्युहिनचा भाग मेहलींनी स्वतः वाजवला आणि ऑर्केस्ट्रापुढे किशोरवयीन झुबिनला उभं केलं. डॉक्टर व्हायला निघालेला हा मुलगा दोन वर्षांनी मेडिकलचा नाद सोडून व्हिएन्नाला गेला.

अशा मैफिली ज्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये होत, ती इमारत काळाघोड्याला आजही आहे. तिथे आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. चित्रं बघायला जाल तेव्हा एकदा वर मान करून बघा.

त्या बटणामागची माणसं

आता कीबोर्डच्या त्या बटणाकडे परत येऊ.

याच पारशी-गोवेकर वादकांच्या जगात एक पोरगा व्हायोलिन घेऊन फिरत होता, प्यारेलाल शर्मा. वडील रामप्रसाद शर्मा ट्रम्पेटवादक. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोव्याच्या माजोर्डा गावातून १९४३ मध्ये मुंबईत आलेल्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. मुंबईच्या ज्या ऑर्केस्ट्रांत त्यांनी तरुणपणी वाजवलं, तिथे त्यांना मेहली आणि झुबिन मेहतांचा सहवास मिळाला. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीच्या गाण्यांत व्हायोलिनच्या ज्या लाटा येतात, त्या अशा तालमीतून आल्या. १९७७ च्या अमर अकबर अँथनीमधल्या गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूंचं नाव अजरामर केलं. ज्या गाण्यावर आपण वरातीत नाचतो, त्यातला अँथनी गोन्साल्विस खरा होता आणि तो व्हायोलिन शिकवायचा.

या गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईतच आणखी एक प्रयोग केला. इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा नावाने त्यांनी भारतीय रागांवर आधारलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं आणि गायला होते लता मंगेशकर आणि मन्ना डे. तो प्रयोगही पैशांअभावी फार टिकला नाही. मुंबईच्या ऑर्केस्ट्रांच्या गोष्टीत हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं.

म्हणून बॉम्बे सिम्फनी फसला असं मी म्हणणार नाही, असं एखादा अभ्यासक सांगेल, तर दुसरा म्हणेल की संस्था बुडाली ती बुडालीच. दोन्ही खरं आहे. पैसा सिनेमात होता आणि माणसं तिकडे गेली. जाताना एकत्र वाजवायची शिस्त मात्र घेऊन गेली.

शेहेचाळिसाव्या वर्षी मागची खुर्ची

१९५५ मध्ये मेहलींनी मुंबई सोडली. वय शेहेचाळीस-सत्तेचाळीस. जिथे वीस वर्षं संस्थापक म्हणून मान होता ते शहर सोडून ते इंग्लंडात मँचेस्टरला गेले आणि जॉन बार्बिरोली यांच्या हॅले ऑर्केस्ट्रात सहायक कॉन्सर्टमास्टर झाले. म्हणजे पहिली खुर्चीही नाही, तिच्या शेजारची. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनचा हिशेब मांडायला लागतो. मेहली रोजच्या तालमीला वेळेवर हजर राहणारे पगारी वादक झाले, आणि पूर्णवेळ चालणारा ऑर्केस्ट्रा आतून कसा असतो हे त्यांना पहिल्यांदाच रोज बघायला मिळालं.

तिथून १९५९ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाला, कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये. आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिस. झुबिन तोवर तिथल्या फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले होते. मुलाच्या गावात वडिलांनी आरामात राहायला हरकत नव्हती.

पोरांचा ऑर्केस्ट्रा

मेहलींनी त्याच वर्षी दोन कामं अंगावर घेतली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या विद्यार्थी ऑर्केस्ट्राचं संचालन, जे त्यांनी १९७६ पर्यंत केलं. आणि दुसरं, अमेरिकन यूथ सिम्फनी नावाचा नवा ऑर्केस्ट्रा.

कल्पना साधी होती. कॉलेजातून वाजवायला शिकून बाहेर पडलेला तरुण आणि मोठ्या ऑर्केस्ट्रातली नोकरी यांच्यामध्ये एक दरी असते. ऑडिशनमध्ये अनुभव विचारतात आणि अनुभव द्यायला कुणी तयार नसतं. ही रड तुम्हाला ओळखीची वाटत असेल. मेहलींचा ऑर्केस्ट्रा म्हणजे त्या दरीवरचा साकव. वाजवणाऱ्यांकडून फी नाही, ऐकणाऱ्यांना तिकीट नाही. विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये मैफल असायची, कुणीही यावं आणि बसावं.

लॉस एंजेलिस हे जगभरातून आलेल्यांचं शहर, त्यामुळे समोर बसणारी पोरंही तशीच, निरनिराळ्या देशांतून आलेल्या घरांतली. त्यांच्यापुढे उभा असलेला माणूस स्वतः मुंबईतून आलेला, तबकड्या ऐकून शिकलेला. आपल्या आडनावाच्या माणसाने मोझार्ट वाजवावं का, या प्रश्नाचं उत्तर त्यांना समोरच दिसत होतं.

पोरांचा ऑर्केस्ट्रा म्हणून सोप्या रचना द्यायच्या, हे मेहलींना मान्य नव्हतं. ते बीथोव्हेन, ब्राह्म्स, माहलर, म्हणजे मोठे ऑर्केस्ट्रा जे वाजवतात तेच वाजवून घेत. शिस्त कडक. यातून तयार झालेले वादक पुढे अमेरिकेतल्या नावाजलेल्या ऑर्केस्ट्रांत दिसू लागले, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकमध्येसुद्धा. म्हणजे वडिलांनी घडवलेले वादक मुलाने उभारलेल्या परंपरेत.

हे काम त्यांनी ३३ वर्षं केलं. १९९८ मध्ये थांबले तेव्हा नव्वदी समोर होती. १९ ऑक्टोबर २००२ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं.

मागे काय राहिलं?

१९९४ मध्ये झुबिन मेहता इस्रायल फिलहार्मोनिक घेऊन भारतात आले. त्यानंतर १९९५ मध्ये मुंबईत मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन सुरू झालं, मेहली हयात असतानाच. ही संस्था जगभरातल्या वादकांच्या मैफिली भरवते आणि मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते. २००८ मध्ये मेहलींची जन्मशताब्दी होती, तेव्हा मुलगा पुन्हा इस्रायल फिलहार्मोनिक घेऊन मुंबईत आला.

२००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, पगारी वादकांचा. मेहलींना जे वीस वर्षं जमलं नाही ते एक्क्याहत्तर वर्षांनी झालं. मात्र त्यातल्या कितीतरी खुर्च्यांवर परदेशी वादक बसतात, कारण घरचे वादक पुरेसे नाहीत. म्हणून तिथेच मुलांसाठी अकादमी काढावी लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहतांनी मुंबईत येऊन या ऑर्केस्ट्राचं संचालन केलं, वयाच्या ८७ व्या वर्षी.

आणि लॉस एंजेलिसचा तो पोरांचा ऑर्केस्ट्रा? मेहलींच्या पश्चातही तो वीसेक वर्षं चालला. २०२४ मध्ये पैशांचं गणित जुळेना म्हणून बंद झाला. तोवर साठाव्या वर्षाला टेकला होता.